कोरडी खोली

"ओढूं नका. सुटूं द्या."

घरात नवा स्टीलचा डबा आला, की त्यावरचं लेबल काढायचं काम आम्ही अक्कांसाठी राखून ठेवत असू. आम्ही सगळे खरवडणारे. आमच्या हातून निम्मं लेबल डब्यावर राही, निम्मं नखात जाई, आणि पुढे महिनाभर तो काळा चिकट डाग. अक्का डबा खिडकीकडे धरत, एक कोपरा नखाने जेमतेम उचलत, आणि लेबल त्याच्याच पाठीवर दुमडून इतक्या सावकाश मागे नेत, की ते निघतंय की नाही अशी शंका यावी. शेवटी ते अख्खं त्यांच्या बोटाला लटके. डब्यावर काही नाही. मग त्या ते लेबल आमच्या फ्रिजवर चिकटवून देत आणि अर्धं तमिळ, अर्धं मराठी म्हणत, "सरि. झालं."

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. पण अक्कांचं पोट त्यावर होतं.

चेन्नईच्या दक्षिण टोकाला एक संशोधन संस्था आहे, तिथे त्या नोकरीला होत्या. टंगस्टन आणि सेलेनियम यांचा एक करडा, चकचकीत स्फटिक असतो. दिसायला अभ्रकासारखा, आणि अभ्रकासारखाच पापुद्र्यांचा. तो साध्या चिकटपट्टीवर ठेवायचा, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. दरवेळी पापुद्रा अर्धा होतो. असं करत करत कधीतरी असा तुकडा मिळतो, की त्याच्यापेक्षा पातळ करणं शक्यच नाही, कारण तो अणूंचा एकच थर असतो. मग तो एका जांभळ्या चकतीवर उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचा. जाड तुकडे चमकतात. हवा तो तुकडा मात्र फिक्या सावलीसारखा असतो, आणि नवख्या माणसाला तो दिसतच नाही. कोट्यवधींच्या यंत्रांच्या खोलीत पहिलं अवजार काय, तर चिकटपट्टी. हे ऐकून मी हसलो होतो. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जगांत सगळीकडे हेंच करतात. जो सावकाश ओढतो त्याला मिळतं."

आम्ही चेन्नईच्याच अंबत्तूर भागात राहतो. मी शेजारच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात गेज तपासणारा माणूस. कारखान्यात ज्या मापांनी इतर वस्तू मोजतात, ती मापं बरोबर आहेत की नाहीत ते मी मोजतो. अक्का आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात, वडिलांबरोबर राहत. लग्न केलेलं नाही, वय पंचेचाळिशीच्या आसपास. माझी बायको त्यांना अक्का म्हणू लागली म्हणून मीही. वडिलांना सगळी इमारत अप्पा म्हणे. ते बँकेतून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिकडचं, पण घरात मराठी. अप्पांच्या बोलण्यातले जुने अनुस्वार मला स्पष्ट ऐकू येत, अक्कांच्याही, म्हणून इथे लिहिताना ते तसेच ठेवतो.

अप्पा मला "आवडीकर" म्हणत. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी मराठी तपासली.

"तुमची मराठी फार घासलेली अहे, आवडीकर. नाण्यावरचा राजा पुसला जातो, तशी."

"आणि तुमची, अप्पा?"

"आमची पेटींत ठेवलेली. वापर कमी, म्हणून चेहरा शाबूत."

अक्कांशी माझं जुळलं ते आकड्यांवरून. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी विचारलं, "तुम्ही किती बारीक मोजतां?"

"एक मायक्रॉन. आमच्याकडे एका मायक्रॉनवरून माणसं महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत."

"आमच्याकडे एक मायक्रॉन म्हणजे डोंगर."

त्यांचा एक थर शून्य दशांश सात नॅनोमीटर. मी घरी येऊन भागाकार केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, "तुमचे चौदाशे अठ्ठावीस थर रचले की माझा एक मायक्रॉन होतो."

"चौदाशे म्हणा," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस खरे नाहींत. पॉइंट सात हा आंकडा आम्हीच गोल करून सांगतों."

मला हिशोबात असं पकडणारा माणूस आवडतो. फार थोडे भेटतात.

अक्कांचा एक कायमचा शत्रू होता. चेन्नईची दमट हवा. त्यांची जुनी प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. भिंतीला घाम, एसीतून ठिबकणारं पाणी, त्याखाली बादली. दोन थर एकमेकांवर ठेवताना मध्ये बाष्प अडकलं की फुगा येतो, आणि फुगा आला की महिन्याचं काम फुकट. माझी बायको पापडांवरून याच हवेला शिव्या घाली. दोघींची त्यावर एकी होती.

"अक्का, तुमची ती कोरडी खोली झाली ना, की माझा पापडाचा डबा तिथे ठेवा."

"आधीं खोली होऊं द्या. मग पापड, कुरडया, सगळं ठेवूं. वर कुलूप लावूं."

त्या खोलीसाठी अक्का कित्येक वर्षं भांडत होत्या. हवेतलं पाणी काढून टाकणारी यंत्रं, दुहेरी दारं, सीलबंद छत. वरचे लोक म्हणत, पुढच्या वर्षी.

मग त्यांना तो एक नमुना मिळाला.

तो काय होता, हे मला त्यांनी आमच्या मच्छरदाणीवर समजावलं. जाळीचे दोन पदर एकावर एक धरले, वरचा किंचित फिरवला. लगेच जाळीवर मोठमोठी नवी चौकट उमटली, जी दोन्ही पदरांत नव्हती. "हेंच," त्या म्हणाल्या. "दोन थर. एक जरासा फिरवलेला. मग आंतल्या इलेक्ट्रॉनांना ही मोठी चौकट दिसते, आणि ते वेगळेच वागूं लागतात. किती फिरवायचं, तिथे सगळं अहे. अंशाचा दहावा भाग चुकला तरी नाहीं." असा तुकडा दोन काचेसारख्या पारदर्शक पापुद्र्यांमध्ये बंद करायचा, त्याला सोन्याच्या केसासारख्या तारा जोडायच्या, आणि द्रवरूप हेलियमच्या थंडीत उतरवून वीज सोडायची.

एके संध्याकाळी अक्का स्वतःच्या दाराऐवजी आमच्या दाराशी उभ्या राहिल्या. खांद्याची पिशवी काढली नव्हती.

"आज एक दिसलं," म्हणाल्या.

विजेला होणारा विरोध थंडी वाढताना हळूहळू बदलत होता, आणि एका ठिकाणी तो एकदम कोसळला. तारांच्या जोड्या बदलून पाहिल्या, तरी तेच. थंडी कमी केली की परत वर. मला त्यातलं फारसं कळलं नाही. कळलं ते इतकंच, की या बाई आठ वर्षांत पहिल्यांदा न विचारता खुर्चीवर बसल्या आणि बायकोने दिलेली कॉफी गरम असतानाच प्यायल्या.

हेलियम तेवढ्यातच संपलं. नमुना वर काढावा लागला. त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं, आहे तेवढ्यावर लिहून पाठवा, उशीर केला तर दुसरं कोणी पाठवेल. अक्का कबूल होईनात.

"का पण?" मी विचारलं. "दिसलं ना तुम्हाला?"

"एकदां दिसलं. एकदां म्हणजे नाहींच. तुम्ही एकदां मोजून गेज पास करतां कां?"

मी करत नाही. तीनदा मोजतो.

पण माझ्या गेजची आणि त्यांच्या नमुन्याची गोष्ट सारखी नव्हती. अक्का कायम नोकरीत नव्हत्या. करारावर होत्या, आणि करार दर वेळी वाढवून घ्यावा लागे. या वेळी संस्थेच्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं: तोच परिणाम दुसऱ्यांदा दाखवा, मग कायम पदाचं बघू. नाही तर करार इथेच संपेल. म्हणजे अख्खं आयुष्य त्या एका तुकड्यावर आलं होतं. आकाराने किती, तर केसाच्या जाडीच्या आत मावेल एवढा.

हेलियम यायला महिने लागले. परदेशातून येतं, आणि येईल तेव्हा येतं. नमुना निर्वात डबीत पडून होता. अप्पा रोज विचारत, "आलं कां तें वारं?" हेलियमला ते वारं म्हणत. या महिन्यांतच, इतकी वर्षं न झालेली ती कोरडी खोली एकदाची झाली. अक्का बायकोला म्हणाल्या, "आंत गेल्यावर ओठ फुटतात हो! चेन्नईंत!" मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं.

हेलियम आलं ते नेमकं नवरात्रात.

आमच्याकडे महाराष्ट्रात खंडेनवमी, इथे आयुधपूजा. रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू. कारखान्यात दर वर्षी माझं भांडण ठरलेलं: गेजवर कुंकू नाही, फार तर डबीवर लावा. अक्कांच्या खोलीत तर कुंकवाचा एक कणसुद्धा चालला नसता. म्हणून तिथल्या लोकांनी बाहेरच्या दाराला बोट लावलं आणि प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खाऊन घरी गेले. आयुधपूजेला अवजारं टेकवून ठेवायची, हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, ती उचलून काम सुरू करायचं. त्या दिवशी सुरू केलेलं सिद्धीस जातं, ही इथली श्रद्धा. सुट्टीचा दिवस, पण हेलियम सुट्टी पाळत नाही. भांड्यात ठेवलं की उडत राहतं. त्यामुळे अक्का जाणारच होत्या.

सकाळी अप्पांनी पेटीतून अक्कांच्या आईची कांजीवरम साडी काढली. गर्द जांभळी, मोरपंखी काठ. अक्का रोज सुती कुडता घालून जाणाऱ्या.

"अप्पा, तिथे कोण पाहणार अहे? वरून कोट घालायचा."

"मी पाहतों कीं. तुझी आई पाहते. नेस, पोरी. आज आरंभ अहे."

अक्का मुहूर्त मानत नसत. पण वडिलांनी इतक्या वर्षांत त्यांच्याकडे मागितलं तरी काय होतं? त्या नेसल्या. आम्ही दोघं दारात होतो. बायको म्हणाली, "अक्का, असं वाटतंय, तुमचंच लग्न आहे आज." "हो," अक्का म्हणाल्या, "मुलगा फार पातळ अहे." अप्पा जिन्यापर्यंत आले आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा मी जिन्यात होतो. त्या वर आल्या नाहीत. खालच्या पायरीवर बसल्या. साडी जिन्याच्या धुळीत.

काय झालं ते त्यांनी दहा वाक्यांत सांगितलं. मोठ्या यंत्रात उतरवायचं म्हणून नमुना नव्या बैठकीवर बसवायचा होता. तारा पुन्हा जोडायच्या होत्या. असं नाजूक काम करताना मनगटाला एक पट्टा बांधायचा असतो. त्याची तार जमिनीत गेलेली असते, म्हणजे अंगावर साठलेली वीज निघून जाते. हा नियम अक्कांनीच लिहून भिंतीला लावला होता. पण जुन्या खोलीत, त्या घामट भिंतींत, अंगावर वीज साठायचीच नाही. वर्षानुवर्षं पट्टा खिळ्याला टांगलेला, कुणी बांधो न बांधो, काही बिघडत नसे. थंड देशांत लोकांना दाराच्या कडीला हात लावताना चटका बसतो, असं म्हणतात. जन्म चेन्नईत गेलेल्या माणसाला तो चटका ठाऊकच नसतो.

आणि ही खोली कोरडी होती. अक्कांनीच भांडून कोरडी करून घेतलेली. खुर्चीवर रेशीम घासलं. पायात रबरी चप्पल. त्यांनी पहिल्या तारेला हात नेला आणि बोटाच्या टोकाला टाचणी टोचल्यासारखं झालं.

"एवढंच. आवाजसुद्धां नाहीं. मला कळायच्या आधीं तुकडा जळून गेला होता. बाराच्या बारा तारा मेल्या."

माझ्या धंद्यात वस्तू झिजते, वाकते, गंजते. एका क्षणात नाहीशी होत नाही.

मग त्यांनी वर, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अप्पांना साडीचं सांगूं नका. पट्टा मी बांधला नाहीं. साडी असो, नसो, पट्टा बांधला असता तर कांहीं झालं नसतं. पण त्यांना फक्त साडी ऐकूं येईल."

मी मान हलवली. त्यांनी पदराची धूळ झटकली, वर गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला, आणि अप्पांचा, "झालं कां?" अक्का म्हणाल्या, "यंत्रांत विजेचा बिघाड झाला, अप्पा. पुन्हा करूं."

अप्पांनी आपलं कारण शोधून काढलं. तो दिवस शुक्रवार, राहुकाळ साडेदहा ते बारा. नमुन्याला हात किती वाजता लावला, हे त्यांनी अक्कांकडून खोदून काढलं: अकराच्या सुमारास. अक्कांची लोकल उशिरा आली नसती, तर काम साडेदहाच्या आत झालं असतं. "राहुकाळांत आरंभ केला! साडी शुभ होती म्हणून पोरीला कांहीं झालं नाहीं, नाहीं तर वीजच ती!" ते आल्यागेल्याला सांगत. अक्का समोर बसून ऐकत. 

पुढे वर्षभर त्यांनी नवे नमुने केले. पट्टा बांधून. एकात फुगा. एकाचा कोन चुकला. एकाचा कोन बरोबर वाटला, पण थंड केल्यावर काही कोसळलं नाही, साधा निघाला. मोठा स्फटिक होता, तो पापुद्र्या-पापुद्र्याने संपला. नवा मागवला, त्याची जात वेगळी निघाली. त्यांच्या बोटांना त्या काळात सतत चिकटपट्टीचा वास येई. जेवायला बसल्या की ताटाच्या कडेला बोट घासत राहत. बायकोने नवे डबे आणायचं बंद केलं, आणि का ते मला सांगितलं नाही.

समितीने वाट पाहिली, मग करार वाढवला नाही. तिरुची बाजूच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांना शिकवायची जागा मिळाली.

त्याच सुमारास त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. परदेशातल्या एका गटाने याच पदार्थात, असंच काहीसं कोसळणं पाहिलं होतं. अनेक नमुन्यांत. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या. निदान खरं तरी ठरलं. बायकोने शिरा केला आणि आम्ही समोरच्या दारात गेलो.

"अक्का, म्हणजे तुमचं बरोबर होतं!"

अक्कांनी वाटी घेतली. "त्यांचा तुकडा वेगळा अहे. कोनही वेगळा. माझ्या तुकड्यांत जें दिसलं तें हेंच होतं, कीं एखादी तार सुटत होती, हें त्यावरून कळत नाहीं."

"मग कशावरून कळेल?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्याच तुकड्यावरून," त्या म्हणाल्या. "आतां कशावरूनही नाहीं."

त्यांनी स्वतःला तेवढंसुद्धा दिलं नाही. तुम्ही-आम्ही दिलं असतं. थोडं गोल करून घेतलं असतं आणि रात्री झोपलो असतो. अक्का शिरा खात राहिल्या. आतून अप्पा विचारत होते, कसला शिरा, कोणाचं काय झालं.

ती दोघं घर सोडून गेली त्याला आता बराच काळ झाला. समोर एक आयटीतलं जोडपं राहतं. अप्पा तिकडेच वारले. अक्कांचा फोन आधी येई, मग कमी झाला, मग बायकोने दोनदा केला तो कुणी उचलला नाही. कारखान्यात स्लिप गेज, मापाचा तो पोलादी ठोकळा, हातात घेतला, की मला वाटतं, ही वस्तू उद्याही इथे असेल, परवाही मोजता येईल. केवढी चैन आहे ही.

जायच्या आधीची विजयादशमी मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. अक्का सकाळी संस्थेत निघाल्या होत्या. टेबल आवरायला आणि किल्ली ठेवायला. सुट्टीचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला, कुणी भेटू नये म्हणून. आदल्या दिवशी मला तसं म्हणाल्या होत्या. अप्पांना ठाऊक नव्हतं. कराराचा शेवटचा महिना संपायला अवकाश आहे, म्हणजे अजून एक प्रयत्न होणार, असंच ते धरून चालले होते. त्यांनी पुन्हा तीच जांभळी साडी काढून हातात दिली होती. "हेंच नेस. गेल्या वेळीं वेळ चुकली, साडी नाहीं."

अक्का नेसून जिना उतरल्या. मी गॅलरीत होतो, अप्पा त्यांच्या गॅलरीत. हवा इतकी दमट होती की कठड्याचं लोखंड ओलं लागत होतं. खाली फाटकाशी आल्यावर अक्कांनी कडी काढली नाही. आधी फाटकाच्या, जमिनीत गेलेल्या गजावर तळहात सबंध टेकवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"चल, पोरी, चल," वरून अप्पा ओरडले, "राहुकाळ लागायच्या आंत पोचलं पाहिजे!"

त्यांनी वर पाहून मान हलवली. हात गजावरच होता.